वाकड्या कोपरांचं घराणं

नायजेरियातल्या ओयो गावात आमच्या अयान घराण्याला लोक कोपरावरून ओळखतात. काखेत धरायचा बोलका ढोल वाजवणारे आम्ही. कोपरानं त्याच्या वाद्या दाबल्या की तो माणसासारखा बोलतो. दाबून दाबून आमची कोपरं वाकडीच राहतात, असं अख्खं गाव मानतं. माझं सरळ आहे, पण मी जन्माचा आळशी. वडिलांचं इतकं वाकलं होतं की मागच्या माणसाशी ते न वळता हात मिळवायचे. खोटं वाटत असेल तर त्यांनाच जाऊन विचारा. वाजवता वाजवता गेले. राजाला नको ते ढोलावर बोलले म्हणून गेले, असं लोक म्हणाले. निदान मी तरी तसं सांगत फिरलो.

यंदा एका बारशात माझा धाकटा भाऊ अयांगबेमी वाजवतानाच कोसळला. त्याची लेक अयांके आणि मी त्याला इबादानच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर इबिदुनबाईंनी नाडी बघितली, मग कोपर बघितलं.

"ते ढोलामुळं," भाऊ ऐटीत म्हणाला.

बाई अयांकेकडं वळल्या. "तूही वाजवतेस का गं?"

"हात लावू देतील तर ना. मी कपडे शिवते."

"मग तुझं कोपर का सरळ होत नाही?"

पोरीच्या कोपराकडं कुणी कधी बघितलंच नव्हतं.

वडील कसे गेले तेही बाईंनी विचारून घेतलं. दोघांचं रक्त तपासून आलं तेव्हा बाईंनी समजावलं, "शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक केंद्रक असतं. त्याला आतून प्रथिनांचं जाळं धरून ठेवतं, लॅमिन म्हणतात त्याला. तुमच्या ढोलाच्या वाद्यांसारखंच. तुमच्या घराण्यात ती वादीच कच्ची वळली जाते. मग सतत ओढ घेणारे स्नायू आधी बिघडतात. कोपर आखडतं, हृदयाचा ठोका मंदावतो."

"वादी बदला मग," मी म्हणालो.

"ती बदलता येत नाही, बाबा. पण छातीत ठोका सांभाळणारं यंत्र बसवता येतं. नाही बसवलं तर हेही वडिलांसारखेच अचानक जातील."

भाऊ फणकारला, "राजाच्या दारात ठेका धरणारा मी. मला एक डबी ठेका देणार?"

"अरे, तुझा चुकतोय म्हणून तर इथं आलोय."

"दादा, तू गप."

अयांके शांतपणे म्हणाली, "बाबा, माझं हृदय अजून बरं आहे. बाई दरवर्षी तपासायला ये म्हणतात. तुम्ही बसवणार नसाल तर मीही यायची नाही. घराण्याची रीत कशाला मोडा?"

भाऊ बाईंकडं वळला.

"आजच बसवा," तो म्हणाला. "उद्या माझं मन फिरेल."

बसवलं. मात्र काही आठवडे डावा हात उचलायला बंदी, म्हणजे ढोल बंद. गावात लग्नं तर थांबेनात. शेवटी ढोल अयांकेच्या काखेत गेला. म्हातारे कुरकुरले. मी त्यांना आमच्या पणजीची गोष्ट सांगितली, तिच्या ढोलानं नदी उलटी वाहिली होती ती. पणजीला पाहिलेलं कुणी उरलेलं नाही, त्यामुळं वाद मिटला.

आता भाऊ चटईवर बसून कंदाच्या पिठाचा गोळा, म्हणजे आमचा अमाला, आणि भेंडीचं कालवण खातो आणि लेकीला शिकवतो. ती चुकली की ओरडतो, बरोबर वाजवलं तरी ओरडतो. तब्येत झकास आहे त्याची.