भिंतीकडे तोंड केलेली खुर्ची

बायको गेल्यावर गोठ्यातली मांजरं माझ्या हातचं खाईनात.

ती पाळलेली म्हणावीत अशी नव्हती. गोठ्यात राहायची, उंदीर मारायची, पण अंगाला हात लावू द्यायची नाहीत. बायकोलाही नाही. फक्त मागच्या पायाने अधू असलेली एक करडी मांजर, लंगडी, तेवढी तिच्या पायांना अंग घासायची. एका लठ्ठ बोक्याला बायको जावई म्हणायची, कारण तो मनाला येईल तेव्हा यायचा, सगळ्यांच्या आधी खायचा आणि काम काही करायचा नाही. ती त्यांना खायला घालायला जायची तेव्हा मी पलीकडच्या बाजूला धारा काढत असायचो. ताटलीवर पळी वाजल्याचा आवाज यायचा, मग तिचं बोलणं. मांजरांशी बोलते, असं मी धरून चाललो होतो.

तेराव्याला आलेले पाहुणे पांगल्यावर मी पळी घेऊन गेलो. वाट्यांपाशी तिची खुर्ची होती, पण तोंड भिंतीकडे. झाडताना कुणी फिरवली असेल, म्हणून मी ती सरळ केली. ताटली वाजवली, दुधात कालवलेलं शिळं अन्न वाट्यांत घातलं आणि बघत बसलो. वर माळ्यावरच्या गवतात डोळे चमकत होते. खाली कुणी उतरलं नाही. सकाळी वाट्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी रोज जात राहिलो, रोज बघत राहिलो. मग माळ्यावरचे डोळेही दिसेनासे झाले.

उंदरांना मात्र रान मोकळं मिळालं. धान्याची पोती खालून फुटली. शेजारचं शेत मेव्हण्याचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचं. तो येऊन पोत्यांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही शोक पाळताय, उंदीर काही शोक पाळत नाहीत."

त्याने उंदरांच्या औषधाचा पुडा आणला होता. मी म्हटलं, औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही जाईल. त्यावर तो म्हणाला, कुठलं मांजर? दाखवा एक तरी. मी माळ्याकडे बघितलं, तिथे नुसतं गवत होतं. मग त्याचाच आवाज उतरला. ताई असती तर हा पुडा गोठ्यात आणायची आपली छाती झाली नसती, म्हणाला. पण उद्या आपण येणार, आणि तोवर एकही मांजर दिसलं नाही तर औषध टाकणार.

त्याचं चूक नव्हतं. पण माझ्याखेरीज तिची वाट बघणारं आता दुसरं कोण होतं? ती मांजरं मेली असती तर मी एकटाच उरलो असतो.

त्या संध्याकाळी मी वाट्या भरल्या आणि मला रडू कोसळलं. मांजरं नसली तरी मांजरांसमोर रडायची मला लाज वाटली. मी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. तेव्हा दिसलं की भिंतीचा चुना दोन ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता. माझे गुडघे त्याच्या जरा वर टेकले. ती माझ्याहून बुटकी होती.

म्हणजे ती रोज अशीच बसायची, त्यांच्याकडे पाठ करून. बरोबरच आहे, कुणी तोंडाकडे बघत बसलं तर घास कुणाला उतरतो?

मग मीही बोलायला लागलो. तांबडी गाय दूध चोरते, छपराचा पत्रा वाजतो, तुझा भाऊ उद्या औषध टाकणार आहे. बोलता बोलता पाठीमागे लपलप ऐकू आली. आधी एक, मग दोनतीन. मी मान वळवली नाही. दारातून मावळतीचं ऊन थेट भिंतीवर पडलं होतं आणि त्यात मांजरांच्या सावल्या होत्या. जावई तेवढा लगेच ओळखू आला.

मग लंगडीची सावली आली. ती वाटीकडे गेलीच नाही. जमिनीच्या मधोमध, जिथे काहीही नव्हतं, तिथे तिने पाठीची कमान केली आणि शेपूट ताठ करून गोल गोल फिरायला लागली. कुणाच्या पायांना अंग घासावं तशी. घुरघुर मला स्पष्ट ऐकू येत होती. ती ज्याला अंग घासत होती, त्याची सावली भिंतीवर नव्हती.

मी बोलणं थांबवलं नाही. ऊन जाईपर्यंत बसून राहिलो.

सकाळी मेव्हणा पुडा घेऊन आला. चाटून पुसून साफ झालेल्या वाट्या बघून म्हणाला, घुशींनी खाल्लं असेल. मी म्हटलं, संध्याकाळी ये, त्या खुर्चीत बस आणि मागे बघू नकोस. सावलीबद्दल मी त्याला एक अक्षर बोललो नाही.

तो आला, पुडा खुर्चीपाशी ठेवला. म्हातारपणी शाळेतल्यासारखं कोपऱ्यात बसवताय, म्हणत बसला. मी वाट्या भरल्या, पळी वाजवली आणि दाराबाहेर पाठ करून थांबलो. थोडा वेळ तो हसत काहीतरी बडबडत होता. मग त्याचा आवाज बंद झाला.

ऊन गेल्यावर खुर्ची सरकल्याचं ऐकून मी आत वळलो. मांजरं पांगली होती, मधली जागा मोकळी होती. मेव्हण्याने पुडा उचलून खिशात टाकला. मग दाराकडे सरळ न येता तो भिंतीच्या कडेकडेने, अंग चोरून, त्या मोकळ्या जागेला वळसा घालून आला.