घरटी एक माणूस

ऐका बायांनो. सोनिवलीत एक अंजनी होती, तिची नात तेजल होती, आणि दोघींच्या मधे जमिनीवर मांडलेली मी होते. मी विळी बोलतेय.

मला गावच्या लोहारानं घडवलं. पातं लोखंडाचं, पाट शिवणीच्या लाकडाचा, टोकाला नारळ खवायचे दात. अंजनी लग्न होऊन आली तेव्हा सासूनं मला तिच्यापुढे सरकवलं. नदीचे मासे, वालाच्या शेंगा, सणाचे नारळ, सगळं माझ्याच पात्यावरून गेलं. माझ्या पाटाला तिच्या पायाचा खळगा पडलाय.

मग शेत गेलं, तिथे बिल्डिंग आली आणि आम्ही तिच्यातच राहायला गेलो. तिथे ओट्यापाशी उभं राहून सुरीनं कापतात. मला सिलिंडरमागे सारलं. गंज धरला मला. नारळी पौर्णिमेला काय ती आठवण व्हायची.

तेजलला फार्मसीला नंबर लागला. तिचा बाप कैलास टेम्पो चालवायचा, फी काही त्याला झेपणारी नव्हती. विठ्ठलवाडीच्या एका संस्थेनं स्कॉलरशिप दिली. अट एकच: दर रविवारी मुलीनं संस्थेच्या स्वयंपाकघरात राबायचं. तिथून दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना डबे जातात.

पहिल्या रविवारी तेजल गेली आणि तोंड पाडून आली. पुढच्या रविवारी म्हणाली, "आजी, प्रॅक्टिकलचं लिहायचंय. आज नाही जात."

"लिही गो बाय," म्हणत अंजनीनं मला बाहेर काढलं, चिंचेनं घासलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि स्वतः निघाली. असे काही रविवार गेले. मी तर खुशीत! कोबीचे डोंगर पुढ्यात. तिथलं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मालिनीताईंना वाटलं, हौसेनं येत असेल कुणी आजी.

एकदा हजेरी घेताना त्यांनी सगळ्यांना विचारलं, "तेजल येत का नाही?"

"मी येते ना! तिची आजी. गावात बांध घालायचा झाला तर घरटी एक माणूस जातं. कोण गेलं ते कोण विचारतंय? आमच्या घरचं माणूस मी."

मालिनीताई हसल्या. "आजी, ही घराची पाळी नाही हो. शिकते ती, तर विळीवर बसायचंही तिनंच. पुढच्या रविवारी ती आली नाही तर स्कॉलरशिप बंद होईल. ते माझ्या हातात नाही."

घरी आल्यावर मला लुगड्यातून सोडता सोडता अंजनीनं मालिनीताईंचं बोलणं सांगितलं. सगळं ऐकून तेजलला रडू फुटलं.

"मला विळीवर बसताच येत नाही, आजी. पाय आखडला, कोबी घरंगळत गेला. पोरी म्हणाल्या, ए मॅडम, सोफा मागवू का?"

"अगो, एवढंच? मला वाटलं अभ्यासानं पिचली पोर. चल, ऊठ. नाय, नाय, बस!"

टीव्हीसमोर पेपर पसरून आमची शाळा भरली. तेजलचा पाय आजीच्या खळग्यात ठेवला, तो बरोबर बसला. पहिल्याच दिवशी तिच्या बोटाला लागलं. माझी धारच ती, मी तरी काय करू? अंजनीनं हळद दाबली आणि परत बसवलं.

रविवार आला. "काय मॅडम, सोफा नको?" एकीनं डिवचलंच.

"नको. आजीची विळी आणलीय. तुला पाहिजे तर नंबर लाव," तेजल म्हणाली आणि कोबीचे दोन तुकडे केले. सगळ्या हसल्या. डिवचणारी तिच्याच शेजारी सरकून बसली.

मालिनीताईंनी दाराकडे पाहिलं. "आजी, तुम्ही परत?"

"तिचं ती करते. मी माझी आले. हिचा आजोबा दवाखान्यात होता तवा मलापण डबा यायचा. कोणी कापलेली ती भाजी, मला ठाव नाय."

मालिनीताईंनी दुसरी विळी पुढे केली.

स्कॉलरशिप शेवटच्या वर्षापर्यंत मिळाली. आता तेजल अंबरनाथला औषधाच्या कंपनीत लागलीय. पहिल्या पगाराला तिनं मला धार लावून आणली. सिलिंडरमागे आता बादली असते, मी नाही. तुमच्या घरी माझी कुणी बहीण पडली असेल तर तिला पुसून कोरडी ठेवा, आणि कधीतरी लेकीला तिच्यापाशी बसवा.

स्कॉलरशिपची अट केव्हाच संपली. तरी रविवारी आमच्या घरून माणूस जातंच. एक नाही, दोन.