फिलोमेनच्या अंगणातला जनाजा

गाडी बंद पडली तेव्हा हामेत वानला रागसुद्धा आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. महिनाभर तो इस्पितळात बापाच्या उशाशी बसून होता. पहाटे बाप गेला. मग कागदांवर सह्या झाल्या, शववाहिका ठरली, आणि आता भर दुपारी, नदीकाठचं त्याचं गाव अजून दिवसभराच्या वाटेवर असताना, ती म्बेलान नावाच्या खेड्यापाशी धूर ओकून उभी राहिली. मागे पेटीत म्हातारा बोकार वान, भोवती बर्फाच्या लाद्या. लाद्यांचं पाणी दाराच्या फटीतून रस्त्यावर ठिबकत होतं.

ड्रायव्हर मासेर बराच वेळ इंजिनात डोकं घालून पुटपुटत होता. मग बाहेर येऊन म्हणाला, हेही गेलं, म्हाताऱ्याच्या मागोमाग. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. शहरात फोन केले तर दुसरी गाडी उद्या सकाळशिवाय नाही, म्हणजे पोचायला पुन्हा रात्र. मुसलमानाला शक्यतो मेल्या दिवशी माती मिळावी ही रीत, आणि वर हे असं ऊन. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

गावातले लोक जमले. कोणी फार विचारपूस केली नाही. चौघांनी पेटी उचलली आणि सगळ्यात जवळच्या अंगणात, कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. ते अंगण फिलोमेन फाय या विधवेचं. म्बेलानची बहुतेक घरं ख्रिस्ती आणि तो दिवस गुड फ्रायडेचा. बाया काळ्या कपड्यांत होत्या आणि सकाळपासून न्गालाख ढवळत होत्या. बाजरी, शेंगदाणा आणि गोरखचिंचेचं ते गोड. या दिवशी आपण उपास धरायचा आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे भांडी भरभरून पाठवायची, अशी तिथली पद्धत.

फिलोमेन हाडापेरानं दांडगी बाई. गळ्यात जपमाळ, हातात पळा. तिनं पेटीकडे पाहून छातीवर क्रूस काढला आणि आडनाव विचारलं. हामेतनं सांगितलं.

"वान?" फिलोमेनचा चेहरा उजळला. "मग पुढचं सांगायलाच नको. आज आमच्याकडे न्गालाख असतं हे मेल्यावरसुद्धा याच्या नाकाला कळलं. वासावर आलाय बघा, खादाड. गुलाम कुठला."

अंगण हसलं आणि हामेतकडे बघत राहिलं. आता पाळी त्याची होती. फाय हे सेरेर आणि वान हे तुकुलेर, या दोन जमातींचं थट्टेचं नातं खापरपणज्यांपासूनचं. दिसल्याबरोबर एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, आणि ऐकणाऱ्यानं दुप्पट परत करायचं. लग्न असो की मयत, असा सोयरा हजर असला तरच ते साजरं होतं. दूध पितं पोरही हे जाणतं. हामेतचा बाप तर बसमध्ये कोणी फाय भेटला की उतरेपर्यंत त्याची सालं काढायचा.

पण हामेतच्या डोक्यात त्या क्षणी काहीतरी तुटलं.

"तोंड सांभाळून बोला, बाई," तो म्हणाला. "माझा बाप मेलाय. तुमचं आमचं काही नातं नाही."

अंगणातलं हसू जागच्या जागी विरलं. फिलोमेननं पळा पातेल्यावर आडवा ठेवला. ती जराशी वाकली आणि म्हणाली, "चुकलं माझं, साहेब. तुम्ही बसा. मी पाणी पाठवते."

पाणी आलं. चटई आली. झाकण घातलेला न्गालाखचा वाडगाही आला. कशाला म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती. सरकारी पाहुण्याचं करावं तसं तिनं त्याचं सगळं केलं आणि मग गावाबरोबर ती चर्चला निघून गेली. जाताना त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मासेरनं वाडगा पुढे ओढला आणि दोन घास खाल्ल्यावर बोलला. "हामेतभाऊ, तिनं तुम्हाला घरात घेतलं होतं. तुम्ही आपण होऊन दाराबाहेर जाऊन बसलात."

"मला कळतं रे," हामेत म्हणाला. "कळण्यासाठी झोप झालेली असावी लागत नाही. नीट वागण्यासाठी लागते."

चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता, संथ, खालच्या पट्टीतला. त्या दिवशी तिथली घंटासुद्धा मुकी असते. हामेत पेटीला पाठ टेकून ऐकत राहिला. पाठीला बर्फाचा गारवा लागत होता, तोही हळूहळू कमी होत चाललेला.

जुम्म्याची नमाज आटोपून गावचे इमाम लातीर फाय आले. फिलोमेनचा हा धाकटा सख्खा भाऊ; तिथे बायका लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावतात. बहीण चर्चला जायची, भाऊ मशिदीत, आणि दोघांची भांडणं व्हायची ती फक्त बकऱ्यांवरून. इमामांनी पेटीत हात घालून बर्फ पाहिला आणि सरळ सांगितलं की उद्याची वाट बघणं म्हणजे मेलेल्याची विटंबना आहे. गावात मुसलमान थोडे असले तरी दफन करण्याएवढे नक्की आहेत. कब्रस्तान एकच, क्रूसवाले आणि बिनक्रूसवाले सगळे त्यातच, आणि जागा आहे.

 तिकडे गावी हामेतच्या आईच्या कबरीशेजारी खड्डा खणून तयार होता. बाप महिनाभर एकच मागत होता, मला तिच्याजवळ ने. आणि आता त्याला परक्या गावात, परक्या माणसांत टाकून जायचं.

फिलोमेन चर्चमधून परतली तेव्हा तो तिथेच बसला होता. भावानं तिला सारं सांगितलं. ती हामेतपासून चार हात लांब उभी राहून बोलली, अदबीनंच.

"आत्ता आम्ही तेच वाचून आलो, साहेब. आमच्या येशूलाही आजच्याच दिवशी दुसऱ्याच्या कबरीत ठेवलं. सूर्य बुडायला आला होता, घाई होती, आणि त्याची स्वतःची जागा कुठेच नव्हती. ज्यानं जागा दिली तो त्याचा नात्याचा नव्हता. एवढंच सांगायचं होतं."

हामेतला लहानपणापासून शिकवलेलं होतं की ईसा क्रूसावर मेलाच नाही, अल्लानं त्याला उचलून घेतलं. पण वाद घालायचं त्राण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. या बाईचा देव आज उसन्या जागेत निजला होता आणि ती त्याचं सुतक पाळत होती, हे त्याला नीट समजलं. तो बापाशेजारी बसून आला होता ना.

त्यानं गावी बहिणीला, राकीला, फोन लावला. ती रडली, मग भांडली, मग दमली. शेवटी एवढंच म्हणाली, "मातीच्या वेळी तिथे अब्बांचं कोणीतरी असू दे, हामेत. नुसता तू नको."

त्यानं हो म्हटलं. म्हटलं खरं, पण कोणाच्या जिवावर, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

ऊन कलताना इमामांनी बोकारला फिलोमेनच्या विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घातली, कफन चढवलं. अंगणातच नमाज झाली. मुसलमान रांगेत उभे होते आणि ख्रिस्ती मंडळी टोप्या काढून कुंपणाशी. जनाजा उचलायला चौघे वाकले आणि वाकलेलेच राहिले. सगळे फिलोमेनच्या बंद दाराकडे बघत होते.

"काय झालं?" हामेतनं विचारलं.

इमाम नाराजीनं म्हणाले, "अशा वेळी फायांच्या बाईनं आडवं पडायचं असतं. हा माझा गुलाम, सोडत नाही, म्हणायचं असतं. तिनं अडवलं की माणूस घरचा होऊन जातो. पण नातं नाही असं तुम्हीच म्हणालात. नसलेलं नातं ती कुठून आणणार? असो. नमाज झालीय, काही उणं नाही. उचला रे."

"थांबा," हामेत म्हणाला.

तो दारापाशी गेला.  बाप असता तर एका दमात दहा शिव्या हासडल्या असत्या. याला एक सुचेना.

"फिलोमेन फाय," त्यानं हाक मारली. "धनी निघाला तुझा. सकाळपासून पातेल्याशी बसलीस ती अजून पोट भरलं नाही का?"

त्यानं दारावर थाप मारली.

"माझ्या बापानं तुला फुकट पोसलं," त्याचा आवाज चिरकायला लागला. "तुझ्या आईलाही पोसलं. सगळे सेरेर असेच, खायला पुढे आणि कामाला आजारी. बाहेर ये. बाहेर ये गं, आळशी."

दार उघडलं. फिलोमेन तरातरा आली ती थेट जनाज्यापुढे गेली आणि पाय पसरून धपकन बसली.

"आता तोंड फुटलं होय रे तुला?" ती हामेतवर कडाडली. "आणि तू, बोकार. मला न विचारता मेलास. माझी सावली घेतलीस, माझ्या विहिरीचं पाणी घेतलंस, आता जमीनही माझीच पाहिजे? तुम्हा वानांचं पोट मेल्यावरही भरत नाही."

"जमीन आमचीच आहे," हामेत म्हणाला. "तुम्हाला राखायला दिली होती."

कुंपणापाशी हशा पिकला. इमामांनी दाढीआड तोंड लपवलं. फिलोमेनही हसली, आणि हसता हसताच तिनं जनाज्याच्या कडेवर हात ठेवला.

"जा," ती मेलेल्याला म्हणाली. "पण सुटलास असं समजू नकोस. नोव्हेंबरात आम्ही आमच्यांच्या कबरी झाडतो, त्या दिवशी तुझीही झाडीन. दर वर्षी. गुलामाच्या कबरीवर धनिणीनं झाडू मारायचा, काय दिवस दाखवलेस रे मेल्या."

हामेत मटकन खाली बसला आणि रडायला लागला. पहाटेपासून त्याच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, ते आता थांबेना. फिलोमेन गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि तिनं त्याला दंडाला धरून उभं केलं.

"रड," ती म्हणाली, "पण चालता चालता रड. सूर्य बुडायला आलाय."