उस्तादांचा डोळा लागला

सुभेदार हणमंतरावांची उभी हयात फौजेतल्या पोरांना ट्रक शिकवण्यात गेली. पोरं त्यांना उस्ताद म्हणत. दुसऱ्याच्या हाती स्टेअरिंग असलं की त्यांचा डोळा म्हणून लागत नसे. उजवा पाय आपला नसलेला ब्रेक दाबत राही.

आज दिल्ली कॅन्टोन्मेंटहून नोएडाला निघताना स्टेअरिंग लेकीच्या, अर्पिताच्या हाती होतं. मॅप तिने निघण्याआधीच लावला होता. आता ती फक्त ऐकत होती. तरी फ्लायओव्हरवर एक वळण हुकलंच.

"घे ना थोडी मागे," मागच्या सीटवरून आई म्हणाली. "इथे सगळेच घेतात. उगाच मोठा वळसा पडेल."

"बिल्कुल नाही, आई! मॅप दुसरा रस्ता देईल, दुसरे हातपाय नाही देणार."

वळसा खरंच मोठा पडला. शेजारी बसलेले बाबा चकार शब्द बोलेनात. आता बोलणी बसणार, असं धरून अर्पिताने लाल सिग्नलला हळूच वळून पाहिलं. पट्टा लावलेले उस्ताद बूट काढून, पाय पसरून चक्क घोरत होते.

"अहो, उठा," आई पुढे वाकली.

"खबरदार उठवशील तर!" अर्पिताची मान ताठ झाली. "अख्ख्या पलटणीत हे मेडल कुणाला मिळालेलं नाही."