ओल्या भिंतीचं गाऱ्हाणं

भाद्रपदातली दुपार आंबोलीच्या घाटमाथ्यावर धुकं पांघरून बसली होती. तेरड्याचा गुलाबी, करवंदीचा काळसर हिरवा, आणि साऱ्या रंगांवरून संथपणे वाहणारी राखी, जलभारित धूसरता. दरी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

उतारावरच्या त्या घराच्या पोटात एक खोली होती. समोर खिडकी आणि दरी; पाठीला डोंगर. डोंगर आणि खोली यांच्यामध्ये पायाची काँक्रीटची भिंत, करडी, कणखर, आणि वरपासून खालपर्यंत तडकलेली. पावसाळाभर त्या तड्यातून डोंगर पाझरत असे.

वनखात्यातून निवृत्त झालेले अण्णा परब तो तडा दरवर्षी स्वतःच बुजवत. थापी त्यांना आवडत नसे. ओलं सिमेंट ते बोटांनी दाबत आणि बोटांची चार चार पन्हळं भिंतीवर उमटत जात. शेजारी घमेलं धरून त्यांची लेक हेमांगी उभी असे. संसार मोडून माहेरी आलेली आणि मग माहेरीच राहिलेली.

"परत तिथूनच येणार पाणी," ती त्या दुपारीही म्हणाली.

"येऊ दे की. नाहीतर तू नि मी भांडणार कशावरून?" अण्णा हसले. मग बोटं पुसता पुसता, नेहमीसारखंच म्हणाले, "माझ्यापायी अडकलीस गो तू इथं."

नेहमीसारखीच ती घमेलं उचलून धुवायला गेली. संध्याकाळी त्याच खोलीत दोघं आपापलं पुस्तक घेऊन बसली. पान उलटल्याचा आवाज, खोकल्याचा आवाज, पुन्हा पान. कुणी कुणाला काही विचारायचं नाही, अशी ती धूपासारखी दरवळणारी शांतता. हेमांगीला तिच्या भरल्या सासरी ती कधी मिळाली नव्हती.

पहाटे अण्णा उठले नाहीत.

माणसं आली. चहाचे कप घेऊन ओट्यावर बसली. "बापासाठी आयुष्य घातलंन पोरीनं," म्हणाली. "घर विकून टाक, आता तरी मोकळी हो," म्हणाली. ती कप गोळा करत राहिली. माणसं गेली. धुकं राहिलं.

आणि पाणी आलं. अण्णांच्या लिंपणाच्या कडेकडेनं आलं. आधी घाम, मग थेंब, मग धार. पुस्तकांच्या पाठी फुगल्या. खुर्च्यांच्या पायांवर पांढरी बुरशी चढली. दोन्ही खुर्च्यांच्या, एकसारखी. ही खोली गेली तर या घरात आपली वाटावी अशी दुसरी जागा तिच्यापाशी नव्हती.

तिनं गुणाजी मेस्त्रीला बोलावलं. तो आला, सिमेंट कालवायला बायको जयवंती आली. गुणाजीनं भिंतीवरून तळवा फिरवला.

"ताई, ह्यां लिंपण सगळां फोडूक व्हयां."

बोटांची पन्हळं ओली चकाकत होती. हेमांगीनं त्यातल्या एकात आपलं बोट ठेवलं. मग काढून घेतलं.

"फोडा," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

छिन्नी वाजली. करड्या ढलप्या पडल्या, त्यांच्यामागे आणखी करडा काळोख. मग गुणाजीनं सर्वांत ओल्या जागी एक बारीक नळी रोवली. साऱ्या भिंतीचं पाणी तिच्या मुखाशी गोळा झालं. नळी वाहत राहिली आणि तिच्याभोवतीचा तडा गुणाजी वीतवीत बुजवत गेला. वरची ओल सुकली, मधली ओल सुकली. अखेर उरली ती एक नळी, आणि तिचं एकसुरी, एकाकी, स्फटिकशुभ्र गाणं.

नळी बंद करण्याआधी गुणाजी गाऱ्हाणं घालत असे. पाण्याची वाट अडवायची तर देवाला सांगायचं, आणि घरच्या माणसानं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय तो हात लावत नसे. झटपट आवळून घट्ट होणारं सिमेंट जयवंतीनं कालवून त्याच्या मुठीत दिलं.

"आटपा बिगीन," ती म्हणाली. "गेल्या खेपेक तुमचां गाऱ्हाणां लांबला नि शिमिटाचो दगड झालो."

"गप गो." त्यानं डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराचां पाणी तुजां!"

"व्हय म्हाराजा," दोघी म्हणाल्या.

"ह्या घरातसून काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा."

"ही लेक बापाशीपायी हयसर अडकान रवली. आता तरी तिका मोकळी कर रे म्हाराजा!"

जयवंतीचा होकार एकटाच भिंतीवर आपटून परत आला.

"बोल गो बाय," ती कुजबुजली. "शिमिट आवळता."

गुणाजीच्या मुठीतला गोळा उबदार झाला, मग घट्ट, मग निश्चल. नळीतून डोंगर वाहत होता; धुक्यानं खिडकी भरली होती, खिडकीतून खोली भरत होती.

"नाही, मेस्त्री," हेमांगी म्हणाली. "तसं नका म्हणू."

मग ती भिंतीपाशी गेली. ओल्या काँक्रीटला कपाळ टेकवलं.

"अण्णा, मी अडकले नव्हते. मला राहायचं होतं. इथंच, तुमच्यापाशी, राहायचं होतं मला."