माघार

सरांना त्यांचे विद्यार्थी तिशीतच ‘आजोबा’ म्हणायला लागले होते. तत्त्वज्ञानाच्या विभागात बाकीचे प्राध्यापक बंडाबद्दल शिकवायचे, सर टिकण्याबद्दल. घर प्रेमावर उभं नसतं, दिलेल्या शब्दावर उभं असतं. प्रेम आटतं, शब्द आटत नाही, असं ते म्हणायचे. घटस्फोट फार सोपा झालाय, आणि नवऱ्याशी पटत नाही म्हणून निघालेल्या बायकांसाठी सरकारने निवारागृहं चालवणं म्हणजे प्रत्येक भांडणाला बाहेरचा रस्ता दाखवणं, हे त्यांनी पुस्तकात लिहिलं, रेडिओवर सांगितलं, भर सभेत ऐकवलं. त्यावरून रान उठलं. कुणीतरी त्यांच्या खोलीच्या दारावर लाल रंग ओतला. सरांनी तो पुसू दिला नाही. विरोध झाला की त्यांना हुरूपच यायचा.

मग एके दिवशी पक्षाध्यक्ष घरी आले. “आम्ही बोललो की भांडण होतं,” ते म्हणाले, “तुम्ही बोललात की विचार होतो. या आमच्याकडे.”

सर गेले, निवडून आले, आणि कुटुंब खात्याचे मंत्री झाले. बायको म्हणाली, “आता जपून बोला. इतके दिवस सगळे तुमचं बोलणं नुसतं ऐकायचे. आता ते लोकांना लागू होणार.” सर हसले.

त्यांनी आणलेलं पहिलंच विधेयक निवारागृहं बंद करणारं होतं. त्यांच्या जागी सलोखा केंद्रं येणार होती, आणि तिथल्या बैठका पूर्ण होईपर्यंत नवरा-बायकोने एकाच घरात राहायचं होतं. विधेयक मांडायच्या आधीच्या रविवारी दुपारी इमारतीखाली पत्रकार ताटकळत उभे होते. वर सर भाषणाची उजळणी करत होते. तेवढ्यात त्यांची भाची आली.

ती त्यांच्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. नखांत कायम पांढरी भुकटी असायची. हातात एक बॅग होती.

“मामा, मला थोडे दिवस इथे राहू दे.”

“का गं? काय झालं?”

“तो हात उचलतो.” नळ गळतो म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली.

मामीने तिच्या हातातली बॅग काढून घेतली. “राहा की. विचारायचं काय त्यात?”

“कधीपासून? नेहमी, की एखाद्या वेळी?” सरांनी विचारलं. तोंडी परीक्षेत विचारावं तसं.

भाचीने त्यांच्याकडे पाहिलं. “एखाद्या वेळी चालतं का, मामा?”

सर खिडकीशी गेले. खाली कॅमेरे दिसत होते. मंत्र्याचीच भाची घर सोडून आली, आणि तीही या आठवड्यात! त्यांच्या डोळ्यांपुढे मथळा उभा राहिला. ते वळले आणि बोलायला लागले. त्या दुपारी ते फार सुंदर बोलले. माणूस बदलतो, त्याला बदलायला आपली जागा लागते, आपण निघून गेलो की तो कुणासाठी बदलणार? मग त्यांनी जावयाला फोन लावला. जावई फोनवर रडला. “बघ,” सर म्हणाले, “त्याला कळतंय.”

मामीने पुन्हा बोलून पाहिलं, पण सरांनी गाडीची किल्ली घेतली होती. मागच्या फाटकाने ते स्वतः तिला सोडायला गेले. उतरताना ती म्हणाली, “तू सांगतोस म्हणून जाते.”

विधेयक मांडलं गेलं. सरांचं भाषण गाजलं.

चर्चा अजून चालूच होती, तेव्हा बहिणीचा फोन आला. भाची इस्पितळात होती. जबडा मोडला होता, एका कानाचा पडदा फाटला होता. नवऱ्याला पोलिसांनी नेलं होतं. सर धावत गेले. बहीण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. तिने त्यांना आत जाऊ दिलं नाही.

“घर सोडू का, असं तिने आधी मलाच विचारलं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, मामाला विचार. आपल्यात तोच शहाणा.” मग तिने तोंड फिरवलं. सरांना शिव्या चालल्या असत्या. ते तिच्या शेजारी बसून राहिले, फरशीकडे बघत. तत्त्व चुकलं होतं की नाही, हा वाद त्यांना घालता आला असता. पण त्या दुपारी तत्त्वासाठी आपण खिडकीशी गेलो नव्हतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेच गिळता येत नव्हतं.

भाची थोडी सावरली तेव्हा बहिणीने त्यांना बोलावलं. दात तारेने बांधलेले होते. भाची त्यातूनच बोलायची.

“मी विधेयक मागे घेतोय,” सर म्हणाले. “सभागृहात सगळं सांगणार आहे. तुझ्यावर काय ओढवलं, मी काय केलं, सगळं.”

“नको.”

“अगं, लोकांना कळायला हवं.”

“मामा, तुझ्या कायद्यासाठी मला परत पाठवलंस. आता तुझ्या पश्चात्तापासाठी मला उभी करू नकोस.”

सरांनी हातातला भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

सभागृहात ते उठले आणि एवढंच म्हणाले, “मी हे विधेयक मागे घेतो. माझं चुकलं.” “कारण सांगा!” समोरचे ओरडले. “कुणी दम दिला?” मागचे ओरडले. सर खाली बसले. पक्षाध्यक्षांनी त्यांना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. “पुस्तकात चुकायचं होतं हो! इथे येऊन कशाला चुकलात?” सरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला; सभागृहाचं सदस्यत्व तेवढं राहिलं. वर्तमानपत्रांनी त्यांना रंग बदलणारा सरडा ठरवलं. ज्यांनी दारावर रंग ओतला होता, ते म्हणाले, सर आम्हाला घाबरले. सरांनी कुणाचंच खोडून काढलं नाही.

पुढच्या अधिवेशनात दुसऱ्या मंत्र्याने तेच विधेयक थोडं मवाळ करून आणलं. भाषणभर सरांच्याच पुस्तकातली वाक्यं होती. सर विरोधात बोलले, पण रंग भरेना. स्वतःचीच वाक्यं त्यांना खोडता येईनात. विधेयक मंजूर झालं. बरीच निवारागृहं बंद झाली. तिथल्या बायका कुठे गेल्या, हे सर विचारत फिरले. कुणाला नीट सांगता आलं नाही.

मग भाचीचाच फोन आला. खटला उभा राहिला होता. मार आधीपासून होता, हे सिद्ध करायला साक्षीदार हवा होता. “मी आधीही सांगितलं होतं, आणि ते तुला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “येशील?”

कोर्टाची खोली लहान होती. पंखा कुरकुरत होता. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, “तिने मारहाणीचं सांगितलं म्हणता, आणि तुम्ही तिला परत पाठवलंत? सख्खा मामा असं करेल?”

“केलं.”

“म्हणजे तुमचा तिच्यावर विश्वास बसला नव्हता.”

“पूर्ण बसला होता.”

“मग का पाठवलंत?”

जावई समोर बसला होता, बहीण मागे. “माझं नाव खराब होईल म्हणून,” ते म्हणाले. न्यायाधीशांनी पुन्हा मोठ्याने सांगायला लावलं. त्यांनी सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात भाची वकिलीणबाईंशी बोलत होती. बोलणं संपल्यावर ती सरांकडे आली. जबडा आता एका बाजूला किंचित कलता होता; ऐकायचा कान ती त्यांच्याकडे करून उभी राहिली.

“साक्ष नीट झाली, असं त्या म्हणतात.”

“तू... कशी आहेस?”

“कामावर जाते.” “मामीला म्हणावं, घरी ये. नवीन जागा बघ माझी.”

“आणि मी?”

मागून बहीण खोलीबाहेर आली; भाचीने तिच्याकडे हात पुढे केला.

“इतक्यात नको,” ती म्हणाली, आणि आईचा हात धरून जिना उतरायला लागली.