आठवा घास

“मूठ झाक, सहदेवा! बोटं दिसली तं बोटं गेली!”

मित्रांनो, पस्तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या पोलादात घुमतो. मी एक जुना रणगाडा आहे. अमरावतीत एका कॉलेजच्या मैदानापाशी, सिमेंटच्या ओट्यावर उभा आहे. माझ्या नळीचं तोंड झाळून बंद केलंय. पाठीवर कुरकुऱ्यांची पाकिटं असतात आणि साळुंक्यांची भांडणं. तुमच्यातले कितीतरी जण माझ्यावर चढून फोटो काढून गेलात. माझ्या पोटातली चौथी जागा कुणाची होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

ती जागा सहदेवची. हिवरखेडच्या भाजीपाल्याच्या मळ्यातला पोरगा. वांग्यांची पोती उचलून दंड कसलेला. माझ्यात चौघे बसत. एक हाकी, एक नेम धरी, एक हुकूम देई आणि चौथा मला भरवी. वीस किलोचा गोळा उचलायचा, तोफेच्या मागच्या तोंडात घालायचा आणि बंद मुठीनं आत लोटायचा. गोळा बसला की पोलादी दार आपोआप मिटतं. झाकलेली मूठ ते बाजूला सारतं. उघडी बोटं आत धरतं. अकोल्याच्या शेषराव उस्तादांनी हा नियम ओरडून ओरडून शिकवला होता, आणि पुढे सहदेवच तो नव्या पोरांना शिकवू लागला.

सहदेव गोळा लोटताना गुणगुणायचा. आई जात्यावर गाते, तशा चालीवर, घास हळूहळू गिळ म्हणून:

*घास घे वं लोखंडी माय, गिय हयूहयू,*
*लेकराच्या बोटाले नोको दात लावू.*

रणगाड्याला कुणी माय म्हणतं का? तो म्हणायचा. आणि मी त्याच्या बोटांना कधी धक्का लावला नाही.

मग शेजारच्या छपरीत नवा रणगाडा आला. त्याच्यात भरवणारा माणूसच नव्हता. तळाशी एक आडवं चक्र होतं. बटण दाबलं की चक्र फिरे, हवा तो गोळा वर येई आणि लोखंडी दांडा त्याला तोफेत ढकली. आधी गोळा, मागून दारू. माणसं तीनच. म्हणून अंग बुटकं आणि लपायला सोपं.

“आता आमी काय करावं जी उस्ताद? वांगे तोडाले जावं?” सहदेवनं विचारलं.

“शर्यत लावू,” उस्ताद हसले. “दहा गोळे. तू अन् थे चक्री.”

गोळे सरावाचे होते, दारू नसलेले. पहिल्या पाच गोळ्यांत सहदेव पुढे होता. त्याला सात सेकंद लागत, चक्राला आठ. पण यंत्राचा दंड दुखत नाही, मित्रांनो. सहाव्याला सहदेवचा श्वास फुलला. सातव्याला चक्रानं त्याला गाठलं. आठव्याला त्याचं गाणं थांबलं, आणि माझं दार मिटलं.

त्याची दोन बोटं गेली.

चौकशीत त्यानं सांगितलं, “दार आधीच मिटलं साहेब. तोफेतच खोट हाये.” मिस्त्र्यांनी मला तीनदा उघडून पाहिलं. त्यांना काही सापडलं नाही. पण जखमी जवानाच्या शब्दापुढे लोखंडाची साक्ष कोण काढणार? माझ्यावर खडूनं फुली पडली. मी रडलो नाही. मला रडता येत नाही. फक्त वाट पाहिली. ज्यानं मला माय म्हटलं, तो येईल आणि एक वाक्य बोलेल, असं वाटलं. तो आला नाही. मी अमरावतीला आल्याचं पेपरात छापून आलं, तरी तो आला नाही. ओट्यावर पाटी लागली: ‘तोफेतील दोषामुळे सेवेतून मुक्त’.

परवा सकाळी भरतीच्या क्लासची मुलं माझ्याभोवती बसली. केदार सर शिकवत होते.

“काही देश चक्र तळाशी ठेवतात. रणगाडा बुटका राहतो, पण जवान दारूगोळ्यावरच बसलेला असतो.”

“म्हंजे सर, सुतळी बॉम्बवर बूड टेकून बसाचं!” स्वप्निल म्हणाला. सगळे हसले.

“अगदी तसंच. शत्रूचा गोळा तिथवर गेला, की रणगाड्याचं डोकंच, म्हणजे तोफेचा वरचा बुरूज, उडतं. म्हणून फ्रान्स, जपान, कोरियानं गोळे डोक्याच्या मागच्या पेटीत ठेवले. मध्ये पोलादी दार. पेटी पेटलीच तर वरची झाकणं उडतात, आग आभाळात जाते, माणसं वाचतात. पण मागची पेटी उंचावर असते, शत्रूला दिसते. काही सैन्यांनी अजून माणूसच ठेवलाय. आणि हा आपला जुना. यानं तर आपल्याच जवानाची बोटं खाल्ली.”

“माह्या आबाची,” एक मुलगी उठली. तिचं नाव खुशी. तिला भेटायला आलेला म्हातारा कुंपणापाशी उभा होता, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी. “आबा, हाच काय जी थो?”

त्यानं माझ्यावरचा नंबर वाचला. पिशवी खाली ठेवली.

खुशीनं माझ्या अंगावर बुटाची लाथ मारली. “बेइमान!”

मित्रांनो, तोफा झेललेलं हे अंग. पण त्या लाथेनं मी आतून वाजलो. आम्हाला रंग नाही दिला तरी चालेल. साळुंक्यांना राहू द्या. पण जे लोखंड तुमच्यासाठी राबलं, त्याच्या माथी आपली चूक मारू नका. त्याला परत बोलता येत नाही.

खुशीनं पुन्हा पाय उचलला.

“नोको मारू वं तिले,” मागून सहदेव म्हणाला.

“काहून? त्यानं तुमाले...”

तो ओट्यावर चढला. तीन बोटांचा हात त्यानं माझ्या गंजावर ठेवला.

“तवा मी नव्या पोरायले मूठ झाकाले शिकवत होतो, बेटा. कोन्या तोंडानं सांगू? उस्तादही गेले, त्यायलेही नाही सांगतलं.” त्यानं कपाळ मला टेकलं. “मायनं नाही खाल्ली बोटं. आठव्या गोळ्याले म्याच मूठ उघडली होती.”